अकरा खर्डे

१४ सप्टेंबर

ठोंब्या,

‘चिरंजीव’ लिहिलं आणि पुढे हात अडला, म्हणून आई तुला मारायची ती हाक लिहिली. चौतीस वर्षांच्या, एका मुलीच्या बापाला ठोंब्या म्हणणं बरं नव्हे, हे मला कळतं. पण नऊ वर्षांनी पत्र लिहायचं तर कुठून तरी सुरुवात करायला हवी. मुलांना मी सांगतो, पहिलं वाक्य वाईटच येतं, ते लिहून मोकळं व्हा, मागाहून खोडता येतं. हे मी खोडणार नाही.

परवा तुझ्या मावशीचा फोन आला. आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी, मग तिच्या भाडेकरूंची गाऱ्हाणी, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, “भाऊजी, अजून एक होतं.” तुझ्या लेकीनं तुला विचारलं म्हणे, आजी गेली तेव्हा तू कुठे होतास. तू म्हणालास, डॉक्टरांना आणायला धावत गेलो होतो. मग आजीजवळ कोण होतं? आजोबा. मग आजी आजोबांना काय म्हणाली? तिथे तू अडकलास. सहाच वर्षांची आहे ना ती? वकील होणार.

मावशी म्हणाली, सुट्टीत लेकीला घेऊन चार दिवस यायचं तुझ्या मनात आहे, पण आधी या प्रश्नाचं उत्तर हवंय.

तर उत्तर. तू डॉक्टरांकडे निघालास तेव्हा ‘जा, थांबू नकोस’ हे शब्द तुझ्या कानांवर पडले. ते तुला पाठ आहेत, तुझ्या शिष्यवृत्तीच्या निबंधातच आहेत, तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी. त्यानंतर तिच्या तोंडून एकही शब्द निघाला नाही. हे मी शपथेवर सांगतो. लेकीला सांग, आजी शांत होती.

माझं बरं चाललंय. शाळेतून निवृत्त झालो तरी शाळेनं मला सोडलेलं नाही. शनिवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसतो, बारावीची मुलं येतात. प्रवेशाचे अर्ज, शिष्यवृत्तीचे अर्ज, शिफारसपत्रं, मुलाखतीचा सराव, सगळं तेच. टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली मी जुना अभ्यासक्रम घडी करून घातलाय. इतक्या वर्षांत त्या अभ्यासक्रमाचा झालेला हा पहिला उपयोग. अर्ज आता कॉम्प्युटरवर भरतात. निबंधाला साडेसहाशे शब्दांची मर्यादा, सहाशे एक्कावन्नावा शब्द यंत्र घेतच नाही. माझ्यापेक्षा कडक मास्तर भेटला म्हणून मुलं हसतात.

यंदा बाराजण आहेत. त्यात एक किल्लीवाली आहे. बस थांब्याच्या मागे तिच्या वडिलांचं किल्ल्या बनवायचं खोकं आहे, तिथे बसून ती गणितं सोडवते. तिला इंजिनिअर व्हायचंय आणि पूर्ण शिष्यवृत्ती मिळाल्याशिवाय ते होणार नाही. डोकं तुझ्यासारखं आहे. तोंड मात्र चालतं.

तुझी खोली झाडून घेतली आहे. लेकीला वेगळा पलंग लागेल की तुझ्याजवळच झोपते, ते कळव.

वाट पाहणारा,
बाबा


२ ऑक्टोबर

ठोंब्या,

तुझं कार्ड मिळालं. ‘हे निबंधातलं झालं. मला निबंधाबाहेरचं हवंय. सांगायचं नसेल तर तसं कळवा, मग मी पुन्हा विचारणार नाही आणि आम्ही येणारही नाही.’ मुद्देसूद लिहितोस, आणि एकही चूक नाही. कोणी शिकवलं ते बोलत नाही.

दोन दिवस रागात काढले. एवढं केलं या पोरासाठी आणि हा कार्डावर तीन वाक्यं पाठवतो, असं वाटत राहिलं. मग राग उतरला तसं लक्षात आलं, की निबंध कुठे संपतो आणि ती दुपार कुठे सुरू होते हे तुला कळेनासं झालंय, म्हणून तू विचारतोयस. आणि ते सांगू शकेल असा माणूस आता मी एकटाच उरलोय.

आधी माझ्या कामाचं सांगतो, म्हणजे पुढचं सांगणं सोपं जाईल. नवीन मूल आलं की मी त्याला अर्धा तास बोलू देतो. काहीही बोल म्हणतो. शाळा, घर, शेजारी, कुत्रा. मी ऐकतो कमी आणि त्याच्या गळ्याकडे बघतो जास्त. बोलता बोलता कुठेतरी ते मूल आवंढा गिळतं. तिथे मी बोट ठेवतो. जिथे आवंढा तिथे निबंध, हे माझं सूत्र. समितीसमोर चार हजार अर्ज असतात, सगळ्यांना नव्वदच्या पुढे गुण, सगळ्यांना समाजसेवेची हौस. त्यात आपलं पोर वेगळं दिसायचं तर त्याचं दुखणं दिसायला हवं. या सूत्रावर किती मुलं कुठल्या कुठे पोचली, हे तूही जाणतोस.

तुझा आवंढा मला शोधावा लागला नाही. तू सतरा वर्षांचा होतास, आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. मी म्हणालो, आईवर लिही. तू लिहिलंस. मग आपण ते अकरा वेळा लिहिलं.

आणि मग झेरॉक्स. त्या दिवसाबद्दल मी तुझ्याशी कधी बोललोच नाही. तू न कळवता आलास, दार उघडंच होतं, आणि बाहेरच्या खोलीत एक अनोळखी मुलगा येरझाऱ्या घालत मोठ्यानं पाठ करत होता, ‘आईचा हात माझ्या हातातून सुटला, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो.’ तू पाठीवरची पिशवीसुद्धा उतरवली नाहीस. म्हणालास, “बाबा, तुम्ही आईच्या झेरॉक्स काढल्यात.” मी म्हणालो, “नमुना म्हणून देतो रे मुलांना, तुझं नाव झाकलंय वरचं.” मला खरंच वाटलं होतं, नाव झाकलं की झालं. तू उलट्या पावली गेलास, आणि त्या मुलानं मला विचारलं, “सर, पुढे म्हणू का?”

मी त्याला पुढे म्हणायला लावलं. हे तुला माहीत नव्हतं.

आज एक कबूल करतो. ‘जा, थांबू नकोस’ या वाक्यावरून माझा हात फिरलेला आहे. किती फिरला ते नेमकं सांगता येत नाही. सगळे खर्डे लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात आहेत आणि त्या खणाची किल्ली कधीच हरवली.

पलंगाचं कळवलं नाहीस.

बाबा


१९ ऑक्टोबर

ठोंब्या,

उत्तर नाही. चालेल. मुलांनाही मी सांगतो, अर्धवट उत्तराला समिती उत्तर देत नसते.

गेल्या शनिवारी किल्लीवालीची पाळी होती. मी म्हणालो, बोल. ती वडिलांच्या धंद्यावर बोलायला लागली, आणि छान बोलत होती. तिच्या वडिलांचा एक नियम आहे. कोणी साबणाच्या वडीवर किल्लीचा ठसा उमटवून आणला, तर त्यावरून किल्ली करून द्यायची नाही. मूळ किल्ली घेऊन या म्हणायचं. ज्याच्याकडे मूळ किल्ली नाही, ते कुलूप त्याचं नाही. माणूस कितीही ओळखीचा असो. हे सांगता सांगता ती म्हणाली, “दादानं पण पाळायला हवा होता,” आणि आवंढा गिळला.

झालं. माझे कान टवकारले. खोदून विचारलं तेव्हा कळलं. तिच्या थोरल्या भावानं वडिलांच्या पाठीमागे ठशावरून किल्ल्या करून दिल्या, एका घरात चोरी झाली, आणि तो आता तुरुंगात आहे. मी म्हणालो, “हाच तुझा निबंध. बाप नियमाचा, भाऊ नियम मोडणारा, आणि मध्ये तू. यावर शिष्यवृत्ती हातात ठेवतील तुझ्या.”

ती म्हणाली, “नाही सर, हे नाही लिहिणार.”

“समितीत तुझ्या दादाला ओळखतं कोण?”

“मी ओळखते ना.”

“शिष्यवृत्ती हवी आहे की नको?”

“हवी आहे सर. पण दादा पुढच्या वर्षी सुटून येईल. मला त्याच्यासमोर बसून जेवायचंय.” मग म्हणाली, “आणि एवढं घोटून घोटून लिहिलं, की मग मला तो तेवढाच आठवेल. चोरीचाच.”

सतरा वर्षांची पोरगी. मी तिला म्हणालो, घरी जाऊन विचार कर. ती गेली, आणि मी आखूड पायाच्या टेबलाशी बसून राहिलो. उरलेल्या मुलांना सांगितलं, डोकं दुखतंय. तीस वर्षांत मी हे कारण पहिल्यांदा वापरलं.

तुला हे का लिहितोय ते तुझ्या ध्यानात आलं असेल. तुझी आई ‘जा, थांबू नकोस’ असं म्हणाली नव्हती. ती म्हणाली होती, ‘जाऊ नकोस. बस इथेच.’ पहिल्या खर्ड्यात तू तेच लिहिलं होतंस. तिसऱ्या खर्ड्यात मी ते काढलं. समितीला वाटेल, पोरगा घराला बांधलेला आहे, एवढ्या लांब टिकायचा नाही, असा मी विचार केला. पाचव्यात तिथे ‘जा’ आलं. शब्दांची फार ओढाताणही करावी लागली नाही. आपल्या भाषेत एक ‘नकोस’ उचलून दुसरीकडे ठेवला की थांब म्हणणारी बाई जा म्हणायला लागते.

तू गेलास. मुलाखतीत ते वाक्य म्हणताना तुझा आवाज कापला, परीक्षकांपैकी एकानं चष्मा पुसला, आणि तुला सगळं मिळालं. मला वाटलं, तिलाही हेच हवं असणार. मेलेल्या माणसाच्या मनातलं ओळखणं किती सोपं असतं बघ.

आई तुला तसं म्हणाली, हे मलासुद्धा तुझा पहिला खर्डा वाचूनच कळलं होतं.

हे वरचं वाक्य आत्ता लिहून गेलो. वाचलं, खोडायला पेन टेकवलं, आणि उचलून घेतलं. राहू दे. तू हुशार आहेस, त्यातून काय कळायचं ते तुला कळेल. आज याच्यापुढे लिहवत नाही.

बाबा


१ नोव्हेंबर

ठोंब्या,

तू मावशीला फोन करून एवढंच विचारलंस म्हणे, “बाबा कुठे होते?”

शाळेत होतो.

त्या दिवशी सकाळी निघताना ती म्हणाली होती, “आज जरा लवकर या, छातीत बरं वाटत नाहीये.” तिच्या हृदयाचं दुखणं जुनं होतं, तुला आठवतच असेल, आणि जुन्या दुखण्याचं होतं तेच झालं होतं, ऐकून ऐकून सवय झाली होती. मी ऐकलं आणि ऐकलं नाही. म्हणालो, “आज अर्जांची शेवटची तारीख आहे, एकपर्यंत येतो.” ती म्हणाली, “बरं.”

आता जे लिहितोय ते मी कोणाला सांगितलेलं नाही, मावशीलाही नाही. अर्ज पावणेएकलाच संपले होते. सगळ्यांवर शिक्के मारून झाले, मुलं गेली, कारकून डबा उघडून बसला. मला उठता आलं असतं. पण एका मुलाच्या निबंधाचा शेवट मला लंगडा वाटत होता. शेवटचं एकच वाक्य. मी ते घेऊन बसलो. इकडून फिरव, तिकडून फिरव. मजा येत होती, खोटं कशाला बोलू. वाक्य जमलं तेव्हा अडीच वाजून गेले होते. त्या मुलाचं नाव आज आठवत नाही. ते वाक्यही आठवत नाही.

घरी आलो तेव्हा तू पलंगावर पायाशी बसला होतास. तोंडावर बोट ठेवून मला म्हणालास, “हळू. झोपलीय.”

मी तिच्याकडे बघितलं आणि मला कळलं. तुला कळलं नव्हतं. मला एवढंच सुचलं, की हे पोर इथून बाहेर जायला हवं. मी तुझ्या दंडाला धरून तुला उठवलं आणि म्हणालो, “डॉक्टरांना घेऊन ये. जा, थांबू नकोस.”

तर ते वाक्य त्या दिवशी त्या घरात बोललं गेलं होतं. ते माझं होतं. तू धावलास हेही खरं, दोन्ही चपला न घालता धावलास. पण ती गेल्यानंतर धावलास. तिच्याजवळ शेवटपर्यंत कोण होतं, तर तू होतास. नव्हतो तो मी.

पहिल्या पत्रात मी शपथ घेतली होती. ते परत वाचून बघ. ‘तुझ्या कानांवर पडले’ असं लिहिलंय, कोणाच्या तोंडून ते लिहिलेलं नाही. त्यानंतर ती काही बोलली नाही, हेही शब्दाला शब्द खरं आहे. अशी वाक्यं करायला मी मुलांना शिकवतो. खोटं न बोलता समितीची समजूत कशी करून द्यायची, यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं.

सातव्या खर्ड्यात मी आपली अदलाबदल केली. तुला दाराबाहेर काढलं आणि मला तिच्या उशाशी बसवलं. तुला कारण दिलं, की धावणारा मुलगा हवा, त्यात पुढाकार दिसतो, जबाबदारी दिसते. ते कारण खोटं नव्हतं. खरं कारण त्याच्या आड लपवलं होतं. माझ्या मुलाच्या निबंधात, जो दहा अनोळखी माणसं वाचणार, त्यात मी त्या दुपारी शाळेत वाक्य फिरवत बसलो होतो हे मला नको होतं. आणि खरं सांगायचं तर तुझ्याही वाचनात ते नको होतं.

तू एकदाच बोललास. खर्डा हातात घेऊन माझ्या टेबलाशी उभा राहिलास आणि म्हणालास, “बाबा, पण मी तर तिथेच...” मी म्हणालो, “शब्दमर्यादा आहे.”

पुढे मुलाखतीचा सराव. घड्याळ लावून तीसेक वेळा मी तुझ्याकडून ते म्हणवून घेतलं. शेवटी शेवटी तू मध्येच थांबून मला विचारलंस, “बाबा, मी धावताना दार उघडं टाकून गेलो होतो ना? वाऱ्यानं आपटत होतं.” ते आपटणारं दार मी नवव्या खर्ड्यात घातलं होतं. त्या दिवशी वारा नव्हता. तुला ते आठवायला लागलं होतं. तेव्हाच मला भीती वाटायला हवी होती. मी म्हणालो, “वा, आता जमलं.”

आई गेल्यावर सहा वर्षं आपण दोघं एका घरात राहिलो, एका टेबलावर जेवलो. त्या सहा वर्षांत मी तुला एकदाही विचारलं नाही, की तू किती वेळ तसा बसला होतास. विचारलं तेव्हा निबंधासाठी विचारलं.

आता तू सतरा वर्षं समजतोयस, की आईला सोडून तू पळालास आणि बाबा तिच्याजवळ राहिले. लेकीलाही तेच सांगितलंस. म्हणून हे लिहितोय. येणं न येणं तुझ्यावर आहे. मी आता पलंगाचं विचारत नाही.

बाबा


२३ नोव्हेंबर

ठोंब्या,

मावशी म्हणाली, पत्र पोचलं तेव्हा तू तिला फोन लावलास. फोन कानाला धरून नुसता बसून होतास, पाऊण तास. तिनंही ठेवला नाही. मग तुझ्या लेकीनं मागून हाक मारली तेव्हा तू उठलास. तिनं मला हे सांगितलं आणि पुढे म्हणाली, “भाऊजी, तुमच्याशी मला सध्या बोलायचं नाहीये.” बरोबर आहे तिचं. तिच्या बहिणीचे शेवटचे शब्दसुद्धा मी तिला माझेच दिले होते.

किल्लीवालीनं निबंध किल्ल्यांवरच लिहिला. साबणाचा नियम, वडिलांच्या बोटांवरचे कानशीचे वळ, किल्ली पहिल्यांदा फिरते तेव्हाचा आवाज. दादा त्यात नाही. मी तीन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ सुधारलं आणि हात आवरला. परवा यादी लागली, त्यात तिचं नाव नाही. दादावर लिहिलं असतं तर आलं असतं, याची मला खात्री आहे. हे तुला सांगून ठेवतो, नाहीतर तुला वाटायचं की म्हातारा सुधारला आणि देव पावला. यादी बघून माझंच तोंड उतरलं. ती म्हणाली, “सर, इथल्या कॉलेजचा अर्ज कधी निघतो?” आता तो भरतोय. तिथे राहायची सोय नाही, फी पण पूर्ण माफ होत नाही, सकाळी वडिलांच्या खोक्यावर बसून दुपारी जाईन म्हणते.

तिलाच विचारलं, हरवलेल्या किल्लीचा खण उघडता येईल का. किल्ली खरंच हरवली होती, पण बस थांब्यापर्यंत चालत जायला मला इतकी वर्षं लागली. ती वडिलांना घेऊन आली. त्यांनी आधी विचारलं, “सर, कपाट तुमचंच ना?” मी म्हणालो, “कपाट माझं आहे. आतलं माझ्या मुलाचं आहे.” त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तिनं मान हलवली, आणि दोन मिनिटांत खण उघडला. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

अकराही खर्डे होते, तारखेवार लावलेले. दहा मी फाडले. नमुना म्हणून ठेवलेल्या झेरॉक्सही फाडल्या, घरातल्या तेवढ्या. बाहेर किती आहेत ते मला माहीत नाही. पहिला खर्डा मूळचा, तुझ्या अक्षरातला, या पाकिटात ठेवलाय. टपालाचा भरवसा नाही, म्हणून खाली उतरवूनही देतो. तू लिहिलंस तसं, एक अक्षर न बदलता. सोपं गेलं नाही. ‘पाणि’तली वेलांटी पहिली आहे ती तशीच ठेवली आहे. एका ठिकाणी माझ्याकडून स्वल्पविराम पडला, तो खोडला.

तुझ्या लेकीचा प्रश्न होता, आजी काय म्हणाली. उत्तर यात आहे. ते तू मला सतरा वर्षं आधीच लिहून दिलं होतंस, मी वाचलंही होतं. तिला हेच वाचून दाखव.

समासातला लाल शेरा माझा. तो पुसायला गेलो तर कागद फाटेल असं वाटलं, म्हणून तोही राहू दिला.

बाबा


*आईला त्या दिवशी बरं वाटत नव्हतं. मी शाळेतून आलो तेव्हा ती पलंगावर होती. बाबा घरी नव्हते कारण अर्जांची शेवटची तारीख होती. आई म्हणाली पाणि दे. मी दिलं. तिने थोडंच घेतलं. मी म्हणालो मी बाबांना बोलावून आणतो. ती म्हणाली जाऊ नकोस. बस इथेच. मग मी गेलो नाही. तिचे पाय गार होते म्हणून मी ते मांडीवर घेतले आणि चोळले. ती म्हणाली ठोंब्या तुझे हात किती खरखरीत आहेत. आणि हसली. नंतर ती काही बोलली नाही. मला वाटलं झोपली. माझ्या पायाला मुंग्या आल्या पण मी हललो नाही कारण मी हललो असतो तर ती जागी झाली असती. घड्याळात दोन वाजले. मग अडीच वाजले. बाबा आले तेव्हा पण मी तिथेच होतो.*

समासात, लाल शाईत:

*इथे मुलगा काहीच करत नाही, नुसता बसून राहतो. पुढाकार दाखवावा.*